मुरबाडची रंगीत तालीम

"आई, दिवाळीपर्यंत इथंच राहून दाखव. कुणाची मदत नाही, बाहेरून काही आणणं नाही. जमलं तर मुरबाडची जागा ठेवू, तू खुशाल तिकडे जाऊन राहा. नाही जमलं तर जागा विकायची आणि मी सांगेन तिथं राहायचं. बोल."

माझी मुलगी जान्हवी हे म्हणाली तेव्हा माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर पाय वर घेऊन, मीच केलेले पोहे खात बसली होती.

"धान्य, तेल, मीठ?" मी विचारलं.

"ते चालेल. मुरबाडला तू काय मीठ बनवणार आहेस?"

"आणि गॅस?"

"तिकडे आहे का? मग इथंही नाही."

पोरगी नवऱ्याबरोबर, हर्षदबरोबर, अंधेरीला राहते आणि तिथल्याच एका कंपनीत दिवसभर करार वाचत बसते. आईशी बोलतानाही कलमं घालते.

झालं होतं असं, की मुलुंड पूर्वेची आमची चार मजल्यांची सोसायटी पाडून तिथं टॉवर व्हायचा होता. दिवाळीनंतर सगळ्यांनी घरं रिकामी करायची, भाडं बिल्डर देणार, नवीन घर मिळेल तेव्हा मिळेल. जो तो भाड्याच्या जागा बघत फिरत होता. मी मात्र जिन्यात भेटेल त्याला ऐटीत सांगत होते, मी मुरबाडला चालले.

मुरबाडच्या पुढे आमची थोडी जमीन आहे. माझ्या नवऱ्याची, सुबोधची ती हौस. गावी कणकवलीला आमच्या घरात इतके वाटेकरी, की आमच्या वाट्याला फार तर एक खांब आणि अर्धी पडवी आली असती. पण सातबाऱ्यावर सासऱ्यांच्या मागे सुबोधचं नाव लागलं होतं, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीनं तो शेतकरी होता आणि शेतजमीन घेऊ शकत होता. प्रत्यक्षात या शेतकऱ्यानं जन्मभर कारखान्यात बसून यंत्रांची ड्रॉइंग काढली आणि घरातली तुळस दोनदा वाळवून मारली. निवृत्त झालो की तिकडे जाऊ, खोली आहे, विहीर आहे, आपलं आपण पिकवू, आपलं आपण खाऊ, असं तो रोज जेवताना म्हणायचा. निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत हार्टनं गेला. जमीन राहिली, खोली राहिली, विहीर राहिली. मी राहिले.

आता खरं ते सांगून टाकते, झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. मला मुरबाडला जायचं नव्हतं. जान्हवीनं मला भाड्याच्या जागा सुचवल्या. बदलापूरला ज्येष्ठ नागरिकांसाठी बांधलेली एक कॉलनी सुचवली, तिचा रंगीत कागद आणून दिला, त्यात पांढऱ्या केसांची माणसं कॅरम खेळताना उगाचच हसत होती. फक्त 'आई, माझ्याकडे ये' एवढं तिच्या तोंडून आलं नाही. आणि मी विचारणार नव्हते. मी कुणाकडे काही मागत नाही. वाटीभर साखर मागायलासुद्धा कधी शेजारी गेले नाही. माझा बेत सरळ होता. मुरबाडची तयारी इतक्या जोरात करायची, की जान्हवीच्या पोटात गोळा यावा आणि तिनंच म्हणावं, बस झालं हे खूळ, चल घरी.

म्हणून मी कंबर कसली.

पवईला तळ्याच्या बाजूला एका बंगल्यात 'स्वावलंबी जगणं' अशी शनिवार-रविवारची कार्यशाळा होती. शिकवणारं जोडपं माझ्या मुलीपेक्षाही लहान, कॉम्प्युटरच्या नोकऱ्या सोडून शेतावर राहायला गेलेलं. त्यातल्या मुलीनं, मानसीनं, पहिल्याच तासाला फळ्यावर एक घर काढलं आणि त्याला बाणच बाण. आत येणारे बाण म्हणजे दूध, भाजी, गॅस, वीज. बाहेर जाणारे म्हणजे कचरा, सांडपाणी, पैसा. मग एकेक बाण पुसत गेली. "स्वावलंबन म्हणजे हेच, काकू. वाटा बंद करत जायचं." मला ते फारच पटलं. चूल लिंपायला जोड्या पाडल्या तेव्हा सगळे नवरा-बायको, मैत्रिणी-मैत्रिणी असे आलेले निघाले, आणि माझ्या जोडीला खुद्द मानसीला बसावं लागलं. शाळेत ज्या मुलीला कुणी खेळायला घेत नाही तिच्या जोडीला बाई येतात, तसं. मी मुकाट्यानं माती मळली.

घरी आल्यावर गच्ची ताब्यात घेतली. माझं घर चौथ्या मजल्यावर, गच्ची डोक्यावरच. एरवी सेक्रेटरीनं तिथं पापडसुद्धा वाळत घालू दिले नसते. पण इमारत पडणारच म्हटल्यावर गळतीची भीती कुणाला? "करा काय करायचं ते, फक्त कोंबड्या नकोत," एवढंच तो म्हणाला.

सुरुवात दणक्यात चुकली. खताच्या ड्रममध्ये मी उरलंसुरलं सगळं ओतत गेले. वरण, आमटी, कलिंगडाची सालं. असा वास सुटला की तिसऱ्या मजल्यावरची गंधाली नाकाला ओढणी लावून वर आली. "काकू, काही मेलंय का गं इथे?" मग कळलं, ओल्याच्या दुप्पट सुकं लागतं. मी सकाळी रस्त्यावरच्या झाडांखाली पाला गोळा करायला लागले. झाडूवाल्यांच्या पोत्यांवर माझा डोळा असायचा. खाली पाला, वर कचरा, वर पुन्हा पाला, आंबट ताकाचा हबका, आणि अधूनमधून खालीवर करायचं. पुढे कधीतरी ड्रमच्या तळातून काळी, भुसभुशीत, चांगल्या वासाची माती निघाली, तेव्हा ओंजळभर घेऊन मी खाली आले आणि सुबोधच्या फोटोसमोर धरली. बघ म्हटलं, शेतकरी!

मग सपाटाच लावला. चुलीच्या मातीत भाताचं तूस मिसळायचं, नाहीतर वाळताना तडे जातात. चूल पेटवण्याआधी वारा कुठून येतो ते बघायचं, नाहीतर धूर सगळा आपल्याच तोंडात. भांडी राखेनं, डोकं शिकेकाईनं, कपडे रिठ्यानं. नळाचा वायसर बदलायला शिकले, कोयत्याला धार लावायला शिकले, सरपणासाठी झावळ्या फोडायला शिकले. गच्चीवर दुधी, दोडका, चवळी, वाल. वेलावरचं सगळ्यात चांगलं फळ खायचं नाही, बियाण्यासाठी राखायचं, आणि बिया वाळवून राखेत घालून बरणीत भरायच्या, म्हणजे कीड लागत नाही. मला सगळ्यात जड गेलं ते हेच. तो पहिला देखणा दुधी रोज डोळ्यांसमोर जून होताना बघायचा आणि त्याला हात लावायचा नाही.

मुरबाडला विहिरीचं पाणी ओढायचं होतं. मुलुंडला विहीर कुठली आणणार? मी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून दोर-बादली सोडायला लागले. दोर हातांनी ओढायचा नसतो, पाय रोवून अंगाच्या भारानं ओढायचा असतो, हे कळेपर्यंत तळहाताची सालं निघाली. बाकड्यावर बसलेले आजोबा लोक मजा बघायचे. "नळ आहे हो घरात, रत्नाताई!" "मुरबाडला नाही ना," असं म्हणून मी भरलेला हंडा कंबरेवर घेऊन त्यांच्या नाकावर टिच्चून चार मजले चढायचे. वर आल्यावर दार लावून बराच वेळ जमिनीवर बसून राहायचे, ते काही त्यांना दिसत नव्हतं.

जान्हवीला मी सगळ्याचे फोटो पाठवायचे. मुद्दाम जळालेल्या भाकरीचा, सोललेल्या तळहाताचा, धुरानं लाल झालेल्या डोळ्यांचा. तिकडून अंगठा यायचा. कधी निरोप यायचा, "आई, तू म्हणजे ना! श्रुतिकानं ग्रुपवर टाकलं, सगळ्या म्हणतात आजी झकास आहे." श्रुतिका माझी नात, दहावीला. झकास म्हणे! मला कुणीतरी 'हाताला काय लागलं गं' म्हणून विचारायला हवं होतं आणि त्या दोघी मला शाबासकी देत होत्या. मी आणखी चिडायचे आणि आणखी काहीतरी शिकायचे.

वाटा बंद करायला घेतल्या त्या याच भरात. गॅस तर पहिल्या दिवसापासून बंद होता. भाजीवाल्याला सांगितलं, माझी भाजी वर आहे. गवती चहाचा कोरा चहा अंगवळणी पडला, तसं दूधवाल्याला सांगितलं, पिशवी टाकू नकोस. पेपर बंद केला, बातम्या फोनवर कळतात आणि रद्दी तरी कुणासाठी साठवायची? गच्चीवर गोकर्ण आणि जास्वंद फुलायला लागली, तसं रोज सकाळी दाराच्या कडीला फुलपुडी अडकवून जाणाऱ्या दत्तारामलाही नको म्हणून सांगितलं. त्यानं नुसतं "बरं काकू" म्हटलं, पण जरा वेळ दारात उभा राहिला. त्याच्या वडिलांपासूनची आमच्याकडे पुडी होती. पुढे मी मेन स्विचच खाली ओढला. फ्रीज बियाण्यांच्या बरण्यांचं कपाट झाला. फोन चार्ज करण्यापुरतं एक छोटं सोलर पॅनेल गॅलरीत ठेवलं. दाराची बेलही त्यासरशी बंद झाली, पण वाजवणारं तरी कोण उरलं होतं?

शेवंतीचं मात्र अवघड गेलं. शेवंती कचरा न्यायला यायची. मूळची परभणीकडची, दिसायला लहानखुरी, आवाज सबंध जिन्यात घुमणारा. "ओ बाई, डबाऽऽ!" करून दार बडवायची.

"शेवंती, माझा कचरा आता गच्चीवरच जिरतो. तू उद्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत चढू नकोस."

"असं? पर बाई, म्या काय निस्ता कचराच नेते व्हय? च्या बी पिते की तुमच्याकडं."

"दूधही बंद केलंय गं."

"मंग बिनदुधाचा द्या."

"आता सगळं माझं मलाच करायचंय. ठरलंय तसं."

तिनं कमरेला पदर खोचला. "येडं हाय का हे," असं तोंडातल्या तोंडात म्हणाली आणि गेली. मला राग आला नाही. उलट त्या दिवशी मी आनंदात होते. मानसीच्या फळ्यावरचा शेवटचा बाण मी पुसला होता.

गणपती झाले आणि इमारत रिकामी व्हायला लागली. रोज कुणाचा तरी टेम्पो दारात. कपाटं दोरानं खाली उतरत, गाद्या जिन्यात अडकत. गंधाली ऐरोलीला गेली. जाताना तिच्या गॅलरीतली मोगऱ्याची कुंडी मला देऊन गेली आणि गळ्यात पडून रडली. माझ्या समोरच्या दाराला कुलूप लागलं. मग एक दिवस कळलं, आमच्या विंगमध्ये मी एकटीच उरले आहे. खाली बिल्डरचा वॉचमन असायचा, तो कानात वायर घालून फोनवर काहीतरी बघत बसायचा. जिन्यात माझ्याच पावलांचा आवाज मला ऐकू यायला लागला. मी चढताना मोठ्यानं बोलायला लागले. "हं, दुसरा मजला आला. दमलीस का, रत्ना? चल." असं. सुबोधशीही बोलायचे. तो हयात असताना एवढं बोलले असते तर बिचाऱ्यानं कान झाकून घेतले असते.

आणि मग पडले.

सकाळची वेळ होती. हंडा ओट्यावर ठेवताना हिंदकळला, फरशीवर पाणी सांडलं, माझा पाय सरकला आणि ओटा आणि फ्रीज यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मी कंबरेवर आपटले. हंडा माझ्यावर न पडता पलीकडे पडला, एवढी त्याची मेहरबानी. पाठीतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. उठायला गेले तर कंबर जागची हलेना. आवाज फुटला तसं ओरडले. आधी "आई गं", मग "गंधालीऽ!" गंधाली ऐरोलीला आहे, हे ओरडून झाल्यावर आठवलं. मग समोरच्यांना हाक मारली, मग वॉचमनला. रिकाम्या इमारतीत हाक फार मोठी ऐकू येते. एवढी मोठी, की दुसऱ्यांदा मारायला लाज वाटते.

मग मी वाट बघत पडून राहिले. कशाची वाट बघते आहे, ते माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. माझे कान दाराकडे लागले होते. इतक्या वर्षांची सवय, या वेळेला कुणीतरी येतं. पूर्वीचे दिवस असते तर दुधाची पिशवी दारात तशीच पडून राहिली असती, तिच्यावर पेपर पडला असता, कडीला पुडी लोंबकळत राहिली असती. येणाजाणाऱ्यानं म्हटलं असतं, आज काकूंनी दूध कसं घेतलं नाही? शेवंतीनं तर एवढंही बघितलं नसतं, दार बडवून बडवून मजला डोक्यावर घेतला असता. मुंबईत एकट्या माणसाची खबर अशीच लागते. नात्यातले फार नंतर येतात, आधी दूधवाल्याला कळतं. आणि यातल्या एकेकाला मी बोलावून, हसून, नको म्हणून सांगितलं होतं. केवढ्या ऐटीत सांगितलं होतं!

गॅलरीत फोन वाजला. जान्हवीचाच, तिची वेगळी रिंग आहे. मी तिकडे तोंड करून "जानू, जानू" करत राहिले, जसं काही फोनला ऐकू जाणार होतं. वाजून वाजून बंद झाला. मला वाटलं, आता ती पुन्हा लावेल, मग वॉचमनला लावेल, मग टॅक्सी करून येईल. मी डोळे मिटून ती कुठवर आली असेल त्याचा विचार करत पडले. पवई, कांजूर, भांडुप. फोन पुन्हा वाजला नाही.

तेव्हा मी रडले. दुखत होतं आणि भीतीही वाटत होती, पण रडू आलं ते या गोष्टीचं, की मी जमिनीवर पडलेली असताना दिवस माझ्याशिवाय इतका आरामात चालला होता. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढलं. खाली रिक्षा वाजत होत्या, पलीकडच्या इमारतीत कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. कुणाला काही कमी पडलं नव्हतं.

शेवटी उठले ती माझी मीच. दुपार कलल्यावर कुशीवर वळले, टाचा रोवून अंग मागे ढकलत फ्रीजचं दार धरलं, तर ते उघडलं आणि बियांच्या बरण्या अंगावर आल्या. राखेनं माखले, मनसोक्त शिव्या दिल्या. त्या शिव्यांनीच बहुतेक जोर आला. ओट्याच्या कडेला लटकून उभी राहिले, भिंत धरत धरत गॅलरीत गेले. फोनवर जान्हवीचा निरोप होता. "गच्चीवर असशील. चालू दे. रविवारी बोलू."

तिचं काय चुकलं? तिला मीच शिकवलं होतं की आईला काही होत नाही.

मी तिला कळवलं नाही. कशीबशी गच्चीवर चढून चूल पेटवली, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून कंबर शेकत बसले आणि खूप विचार केला. फोन करून पडले म्हणाले असते, तर ती धावत आली असती. माझं गाठोडं बांधून तिनं मला अंधेरीला नेलंही असतं. पण घाबरून नेलं असतं. सबंध आयुष्य तिच्या हॉलमध्ये मी 'पडलेली आई' म्हणून बसले असते. मला तिनं हवी म्हणून न्यायला हवं होतं, जशी लहानपणी आजोळी जाताना मला घट्ट धरून बसायची, तशी. हा माझा हट्ट म्हणा, माज म्हणा. मात्र एक गोष्ट त्या फरशीवर कायमची सुटली. मागायचं नाही, हा माझा नियम. मी ठरवलं, दिवाळीनंतर जान्हवी येईल तेव्हा तिला सरळ विचारायचं. पडल्याचा उल्लेख न करता, रडून न दाखवता, धडधाकट उभं राहून विचारायचं. जन्मात पहिल्यांदा कुणाकडे तरी काहीतरी मागायचं.

एकदा ठरवल्यावर मला फार हलकं वाटलं. कंबर बरी होईपर्यंत मी जिना बेतानं उतरायचे आणि मनात वाक्य घोळवायचे. "जान्हवी, मी तुझ्याकडे राहू का?" की "तुझ्याकडे येऊ का राहायला?" की नुसतंच "मला घेऊन चल"? शेवटचं फारच नाटकी वाटलं, ते सोडून दिलं.

भाऊबीज उलटल्यावर जान्हवी आली, एकटीच. मी गच्चीवर चुलीवर ज्वारीच्या भाकऱ्या केल्या होत्या, चवळीच्या शेंगांची भाजी, दुध्याचं भरीत, ओल्या मिरचीचा ठेचा. तिनं आधी सगळ्याची पाहणी केली. ड्रम उघडून बघितले, माती हातात घेऊन वास घेतला. राखेतल्या बिया बघितल्या. दोर ओढून दाखव म्हणाली, मी खाली जाऊन दाखवला, कंबर चमकली तरी चेहरा हलू दिला नाही. वर आल्यावर ती मांडी घालून जेवायला बसली आणि बोटं चाटून जेवली. उन्हात तिचे केस चमकत होते, कानापाशी पांढरे झालेले मला पहिल्यांदाच दिसले. केवढी दमलेली दिसत होती माझी पोर.

"आई, हार मानली बाबा मी," ती म्हणाली. "खरं सांगू? मला वाटलं होतं तू पंधरा दिवसांत गॅस चालू करशील. एजंटकडे मुरबाडच्या जागेला गिऱ्हाईक तयार होतं, कालच त्याला नाही म्हणून सांगितलं. जा तू बिनधास्त. आता मला तुझी काही म्हणजे काही काळजी नाही."

किती प्रेमानं म्हणाली. तव्यावरची भाकरी मी उलटली, तिला पदर सुटला, ती निखाऱ्यावर टाकून फुगवली आणि तिच्या ताटात वाढली. मग हात पुसले.

"जानू, मी तुझ्याकडे राहायला येऊ?"

तिचा घास हातातच राहिला. "म्हणजे? किती दिवस?"

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"नाही, म्हणजे ये ना, ये की. विचारतेस काय?" ती भराभर बोलायला लागली. "फक्त आत्ता श्रुतिकाची दहावी आहे ना, तिचं टेबल हॉलमध्ये टाकलंय. आणि हर्षदचं घरूनच काम असतं, दिवसभर मीटिंगा, तो बेडरूममध्ये... तसं दिवाण काढला तर... नाही, पण मग दार उघडत नाही. थांब हं. मार्चनंतर आपण काहीतरी करू. की आधीच करायचं? आई, तुला खरंच यायचंय?"

ती खोटं बोलत नव्हती. मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं, ती मनातल्या मनात त्या दोन खोल्यांतला सोफा इकडचा तिकडे सरकवत होती, दिवाण उभा करून बघत होती, माझ्यासाठी खरोखर जागा शोधत होती, आणि ती कुठंच बसत नव्हती. कपाळावर आठ्या आल्या होत्या. भाकरी ताटात निवत चालली होती.

"अगं, मस्करी केली," मी म्हटलं. "एवढी मेहनत काय अंधेरीला येऊन टीव्ही बघायला केली? जेव."

"काय गं आई!" ती हसली. जरा जास्तच वेळ हसली. मग डाव्या हातानं डोळे पुसले आणि ठेचा मागितला. मीही हसले. आमच्या दोघींचं हसणं त्या रिकाम्या गच्चीवर बराच वेळ ऐकू येत होतं.

निघताना तिला पिशवीभर भाजी दिली, वालाच्या शेंगा, दोडके, एक कोवळा दुधी. टेम्पोचं मी बघते, तू फक्त सामान बांधून ठेव, असं ती म्हणाली. तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यात हर्षदला पाठवते, जड काही हलवायचं असेल तर. जिन्याच्या दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"आई, तिकडे नेटवर्क येतं ना? मी रोज फोन करीन."

मुरबाडच्या खोलीत नेटवर्क येत नाही. सुबोध फोन लावायला पार डांबरी रस्त्यापर्यंत चालत जायचा.

"येतं की," मी म्हटलं. "जा आता, ऊन वाढेल."